पायथ्याच्या आधीचा रस्ता

मराठीत सध्या सगळ्यात जास्त वाचलं जाणारं प्रवासलेखन कुठलं, असं कुणी विचारलं तर मी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ट्रेकच्या प्लॅनकडे बोट दाखवेन. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही पंचविशीतल्या माणसाचा फोन उघडा, त्यात असे चार-पाच प्लॅन पडलेले असतात. त्यांचा मजकूर इतका ठरलेला असतो की डोळे मिटूनही लिहिता येईल : शनिवार रात्र, कल्याण स्टेशन, तिकीट खिडकीजवळ. शेवटची कसारा लोकल. पहाटे पायथा. सकाळी नाश्ता, पोहे-चहा. बारापर्यंत माथा. जेवण गावात. संध्याकाळी सातला घरी. सोबत दोन लिटर पाणी, टॉर्च, सुका खाऊ, चांगले बूट. श्रेणी : मध्यम.

यात एकही क्रियापद नाही. चालणारं कुणी नाही, रांधणारं कुणी नाही. ‘पहाटे पायथा’ या दोन शब्दांत रात्रीचा सगळा प्रवास गडप झालाय. ‘जेवण गावात’ यात चूल कुणाची, भाकरी कुणी थापल्या, किती वाजता उठून थापल्या, याचा पत्ता नाही. तक्रार म्हणून म्हणत नाही, प्लॅन हा प्लॅनच असतो आणि त्याने आटोपशीर असावं. पण एखादा साहित्यप्रकार काय गाळतो त्यावरून तो कुणासाठी लिहिलाय ते कळतं, आणि गेले दोन महिने मी हे मजकूर त्याच नजरेने वाचतोय.

कारण साधं आहे. आम्ही पाच जण डिसेंबरात कल्याणहून जुन्नरला चालत जायचं म्हणतोय. वाटेत नाणेघाट. म्हणजे एसटीने वैशाखऱ्याला उतरून दोन-अडीच तासांत घाट चढायचा, रांजणाशी फोटो काढायचा आणि उतरायचं, असं नाही. कल्याणच्या खाडीपासून निघायचं, शहाड, म्हारळ, रायते, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत पायथा गाठायचा, घाट चढायचा आणि घाटघरवरून जुन्नरला उतरायचं. पायथ्यापर्यंत साधारण साठ किलोमीटर, माथ्यापासून पुढे तीसच्या आसपास. हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. कल्याण हे त्याचं बंदराकडचं टोक, जुन्नर मधलं मोठं ठाणं आणि पलीकडे पैठण. आपल्याकडे लांब पल्ल्याची पायवाट नाही, अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल आहे, आपल्याकडे फक्त वीकएंड, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. आपल्या स्टेशनच्या पुलाखालूनच एक अशी वाट निघते. तिचा प्लॅन करायला बसलो तेव्हा अडलं ते भाषेपाशी. ती वाट ज्या शब्दांत आखायची ते शब्द आमच्या ट्रेकच्या मराठीत सापडेनात.

मुख्य अडचण ‘पायथा’ या शब्दाची आहे. आपल्या ट्रेकच्या लेखनात सगळं तिथून सुरू होतं. डोंबिवलीच्याच ट्रेकक्षितिज संस्थेच्या संकेतस्थळावर किल्ल्यांची माहिती असते, ती माझ्या पिढीने परीक्षेच्या नोट्ससारखी वाचलीय. किल्ल्याची उंची, प्रकार, डोंगररांग, जिल्हा, श्रेणी. मग इतिहास, पहाण्याची ठिकाणे, पोहोचण्याच्या वाटा, राहाण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. मला हा साचा मनापासून आवडतो. त्यात शोभेचा एक शब्द नाही, आणि ‘पाण्याची सोय’ हा स्वतंत्र मथळा देणाऱ्या माणसाला उन्हात डोंगर चढण्याचा अर्थ माहीत असतो. शेकडो किल्ले या एका साच्यात बसले आणि त्यामुळे शेकडो पोरं धड परत आली असतील. मराठीतल्या बऱ्याच ललित प्रवासवर्णनांपेक्षा हे काम मी वरचं मानतो.

पण हा साचा किल्ल्यासाठी बेतलेला आहे. किल्ल्याला उंची असते, जिल्हा असतो, माथा असतो. घाट या रकान्यांत मावत नाही. नाणेघाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात, माथा पुणे जिल्ह्यात. त्याच्यावर ‘पोहोचायचं’ नसतं, त्याच्यातून पलीकडे जायचं असतं. ‘पहाण्याची ठिकाणे’ म्हणून गुहा, रांजण आणि नानाचा अंगठा लिहिता येतात, पण ही तिन्ही माणसं जाता-येता बघत असत. मराठीत दुर्गसाहित्य असा एक अख्खा विभाग आहे, पुस्तकांच्या दुकानात त्याचं वेगळं कपाट असतं. घाटवाटांचं असं कपाट नाही. अलीकडे काही भटके नेटाने घाटवाटा नोंदवतायत, दाऱ्या घाट, भोरांड्याचं दार अशी नावं त्यामुळे आमच्यापर्यंत आली. त्या नोंदीही बहुतेकदा किल्ल्याच्याच चालीवर लिहिल्या जातात : अवघड, सोपी, एक्सपोजर, किती तास. घाटवाट ही आव्हान म्हणून लिहिली जाते. बाजाराला, सोयरिकीला, डोंगराखालच्या लग्नाला जाण्याचा रस्ता म्हणून क्वचितच.

यामागे रेल्वेचाही हात आहे, असं मला वाटतं. १८५४मध्ये रेल्वे कल्याणला आली, बोरघाटातून १८६३मध्ये वर चढली आणि थळघाटातून १८६५मध्ये. कल्याण हे जंक्शन झालं ते या दोन घाटांमुळे. आजही आपल्या लोकलची दोन टोकं, कर्जत आणि कसारा, म्हणजे दोन घाटांचे पायथे आहेत. आमचा डोंगर कुठे सुरू होतो हे इंडिकेटर ठरवतो. ज्या डोंगराला स्टेशन जवळ तो आपला : आसनगावला माहुली, कसाऱ्याहून कळसूबाईची रांग, नेरळ-कर्जतकडून भीमाशंकर. नाणेघाट या दोन रुळांच्या मधल्या बेचक्यात पडतो, तिथे एसटीच. आणि एसटीतून बघितलं की कल्याण ते वैशाखरे हा नुसता झोपेचा भाग उरतो.

ॲपलाचियन ट्रेलची गोष्ट इथे मुद्दाम आणतो, कारण आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव रोज निघतं. बेंटन मकाय या माणसाने १९२१मध्ये ती कल्पना मांडली, १९३७मध्ये वाट जोडून पूर्ण झाली, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. झाडांवर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या, ठरावीक अंतरावर निवारे, स्वयंसेवक वाट राखतात. बिल ब्रायसनचं तिच्यावरचं १९९८चं पुस्तक अनेकांनी वाचलंय. त्याची सुरुवातीची प्रकरणं ही माझ्या मते प्लॅनिंगवरचं उत्तम विनोदी लेखन आहे. माणूस दुकानात जातो, सॅकच्या किमती ऐकून हादरतो, मग घरी बसून अस्वलांच्या हल्ल्यांविषयी वाचत राहतो. आमचंही तेच चाललंय. फरक एवढाच की ती वाट माणसांपासून लांब जाण्यासाठी आखलेली आहे, गाव लागतं ते रसद भरायला. आपली वाट माणसांमुळे पडलेली. तिथला प्लॅनचा नमुना इथे आणला की गाव म्हणजे ‘रिसप्लाय पॉइंट’ होऊन बसतं, आणि एकदा ते झालं की मुरबाडला आठवडी बाजार कधी असतो हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

मग जुने मजकूर काढले. पहिला ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कुणा अनाम ग्रीक भाषकाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली ही हिंदी महासागराची मार्गदर्शिका. थोडक्यात, प्लॅनच. त्यात कल्याण येतं, कल्लिएना या नावाने, आणि येतं ते तक्रारीसकट. पूर्वी हे रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं, आता राजकारणामुळे अडथळा आहे, चुकून ग्रीक जहाज तिथे लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. माल गाड्यांतून, बिनरस्त्याच्या मोठ्या मुलखातून येतो असंही तो सांगतो. अंतर दिवसांत मोजलेलं आहे, हे मला फार पटलं. किलोमीटर वाटेचे असतात, दिवस चालणाऱ्याचे. ‘रायते ते मुरबाड’ हे नकाशावर काहीच नाही, पण दुपारी डांबरावरून तो अर्धा दिवस आहे आणि आमच्यातल्या एकाच्या गुडघ्याला तो पाऊण दिवस आहे. दुसरं म्हणजे, कुठे अडवतात हे या मजकुरात पहिल्यांदा येतं आणि काय बघायचं ते नंतर. आमच्या प्लॅनमध्ये उलट क्रम असतो.

दुसरा मजकूर घाटातच कोरलेला आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी गुहेच्या भिंतींवरचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून आपण ओळखतो तो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री : गायी, हत्ती, घोडे, रथ, गावं, कार्षापण, आणि प्रत्येकापुढे आकडा. भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, वर नावं कोरलेली : सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, पुढे राजपुत्र. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या.

हा लेख सहसा इतिहास म्हणून वाचला जातो. तो कुठे लावलाय हे बघून वाचला तर निराळा दिसतो. चढून आलेला माणूस जिथे थांबणारच, सावली आणि पाणी आहे, बैलांच्या पाठीवरचं ओझं उतरतं, तिथेच ही जंत्री आहे. जकातीच्या वाटेवर राजाने आपला हिशोब लावलाय, पण तो दानाचा. आलेल्या जकातीचा आकडा भिंतीवर नाही. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सगळे सांगतात. खरं असो वा नसो, लोकांनी भिंतीवरच्या हिशोबाची दुसरी बाजू त्या रांजणात भरून काढली, हे मला वाचक म्हणून मोठं वाटतं. ओझी वाहणाऱ्यांनी लिहिलेला मजकूर मात्र खालीच सापडतो : चढणीवर बसवलेले दगड, झिजलेल्या पायऱ्या, माथ्याजवळची खोदलेली पाण्याची टाकी. ‘पाण्याची सोय’ हा मथळा त्यांनी आधीच लिहून ठेवलेला होता.

वाटेच्या पलीकडच्या टोकाला एक कल्याणकरही सापडतो. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दानाचा लेख आहे, कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचा, सुलसदत्ताचा. हा घाट चढून गेला असणार याला माझ्याकडे कागद नाही, पण कल्याणहून जुन्नरला जायला दुसरीकडून कशाला जाईल? आज लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला आपल्याकडून बस भरून जातात. कल्याणच्या माणसाच्या पैशातून कोरलेली लेणी तिथे शेजारीच आहेत, हे बसमध्ये कुणी सांगत नाही.

मराठी ललित लेखनाकडे यायला हवं, म्हणजे गो. नी. दांडेकरांकडे. ‘दुर्गभ्रमणगाथा’ आमच्याकडे पुस्तक म्हणून कमी आणि दीक्षा म्हणून जास्त दिली जाते. गोनीदांना माणसं भेटतात, ती बोलतात, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या नावावर पुढे जे लिहिलं गेलं त्यात माणसं आटत गेली आणि फक्त भारावणं उरलं. बुरूज दिसला की डोळे पाणावले पाहिजेत, असा जणू नियम झाला. मला विचाराल तर डोंगराच्या नियोजनाला त्यांचं दुर्गलेखन फारसं उपयोगी नाही. उपयोगी आहे ‘जैत रे जैत’. ती कादंबरी आहे, त्यात वाट आखलेली नाही, पण डोंगर ज्याच्या पोटापाण्याचा आहे त्याच्या बाजूने तो दिसतो. ठाकरांचा नाग्या लिंगोबाच्या डोंगरावर चढतो ते राणी माशीच्या वैरापायी. कडा किती उंच, याचं उत्तर तिथे मधाच्या पोळ्याच्या हिशोबात मिळतं. ती वाचून झाल्यावर ‘श्रेणी : मध्यम’ हा रकाना बघवत नाही. कुणासाठी मध्यम?

हा प्रश्न आमच्यातल्या एका मैत्रिणीने फार रोखठोक केला. ती शाळेत शिकवते, आमच्यात सगळ्यात जास्त चालते. तिने एका रात्री माहितीच्या जितक्या नोंदी आम्ही जमवल्या होत्या त्या सगळ्या वाचल्या आणि ग्रुपवर लिहिलं : ‘राहाण्याची सोय : गुहेत दहा जणांची. या दहांत मी आहे का?’ तिने मोजलं होतं. पाणी सगळीकडे, जेवण बहुतेक ठिकाणी (‘आपण स्वतः करावे’ अशा अर्थाचं), बाईने सकाळी कुठे जायचं याचा उल्लेख एकाही ठिकाणी नाही. हे एवढं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, हजारोंनी वाचलं, आणि गाळलेली ओळ कुणाला दिसली नाही, कारण लिहिणाऱ्याला तिची गरज नव्हती. समीक्षेत आपण ‘अपेक्षित वाचक’ असा शब्द वापरतो. इथे अपेक्षित वाचक म्हणजे पंचविशीतला मुलगा, त्याला उघड्यावर झोपता येतं, घरी फोन केला नाही तरी चालतं आणि गावात गेला तर पाटलाच्या ओसरीवर जागा मिळते.

तिचा दुसरा मुद्दा माझ्या विरोधात होता. कल्याण ते मुरबाड डांबरी रस्त्याने चालण्यात काय अर्थ आहे? डंपर, धूळ, फुटपाथ नाही. हा आजचा राष्ट्रीय महामार्ग ६१, तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जाणारा. जुन्या वाटेच्या नावाखाली आपण नुसते महामार्गाच्या कडेने जाणार आणि त्याला परंपरा म्हणणार. यावर मी जे उत्तर दिलं ते अजूनही मला पूर्ण पुरेसं वाटत नाही, पण लिहितो. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडावी लागते. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येणारं पाणी याच नदीचं. पुढे मुरबाड तालुक्यात मुंबईच्या परिसराला पाणी मिळावं म्हणून काळू धरणाचा वाद वर्षानुवर्षं चाललाय, तिथल्या आदिवासी पाड्यांनी त्याला विरोध केलाय. ‘पहाटे पायथा’ लिहिलं की हे सगळं झोपेत निघून जातं आणि पायथ्याला आपण निसर्गात उतरतो. चालत गेलो तर निसर्गाच्या आधी आपलंच शहर किती लांबवर पसरलंय ते पायांना कळेल. ती म्हणाली, ‘ते एसटीच्या खिडकीतूनही कळेल, झोपला नाहीस तर.’ शेवटी म्हारळपर्यंत रिक्षा आणि तिथून पुढे जमेल तिथे गावातल्या आतल्या रस्त्यांनी, असा तह झालाय.

मग नमुना कुठला घ्यायचा? माझ्या दृष्टीने उत्तर आपल्या घरात भिंतीवर लागलेलं असतं : पालखीच्या मुक्कामांची पत्रिका. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण अशी पंढरपूरपर्यंत. ही लांब पल्ल्याचीच वाट, आणि दिवेघाट हा तिचा डोंगरी टप्पा. पत्रिकेत तो टप्पा चढण म्हणून येतच नाही, पुणे ते सासवड एवढंच येतं. त्या दिवशी पाय किती दुखणार हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असतं. तिथे गाव हे ‘पायथ्याचं’ नसतं, मुक्कामाचं असतं, आणि मुक्काम म्हटलं की कुणाकडे हा प्रश्न आपोआप येतो. नर्मदा परिक्रमेवरच्या मराठी पुस्तकांतही, गोनीदांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असो की जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, शूलपाणीच्या झाडीचा डोंगरी टप्पा वाचताना आपण आज रात्री कुणाकडे याच काळजीत असतो. भक्तिभावाचा भाग बाजूला ठेवूनही त्यांची रचना घेण्यासारखी आहे : चालणारा यजमानाशिवाय अपुरा.

आम्ही पाच जणांचा तांडा घेऊन कुणाच्या दारात भक्त म्हणून उभे राहू शकत नाही, हे उघड आहे. आमच्याकडे टाळ नाही, गुगल पे आहे. त्यामुळे आमच्या प्लॅनमध्ये आता एक रकाना पैशांचा आहे. जेवणाचे किती हे आधी विचारायचं, घासाघीस नाही, आणि ज्या घरी जेवू त्या बाईंच्या हातात द्यायचे, मध्यस्थाच्या नाही. जीपीएसचा ट्रॅक फोनमध्ये आहेच, पण प्रत्येक टप्प्यापुढे ‘कुणाला विचारायचं’ अशी जागा सोडली आहे. सावली कुठे, हा रकाना नकाशावरून भरता येत नाही, त्यासाठी टोकावड्याच्या एका रिक्षावाल्या दादांना फोन केला. त्यांनी सावलीचं सांगितलं आणि वर विचारलं, ‘एसटी बंद आहे का तुमची?’

घाटाचा टप्पा हा या सगळ्यात सगळ्यात सोपा ठरला आहे. दगडी वाट ठळक आहे, माथ्यावर पाणी आहे, आणि जुन्नरकडून आता डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत येतो. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला येणारी गर्दी गाडीने वरून येते, रील काढते आणि वरूनच परत जाते. खालून चढणाऱ्याला माथ्यावर कणीस आणि पार्किंग भेटतं. डिसेंबरात एवढी गर्दी नसेल.

प्लॅनची सध्याची आवृत्ती सात पानांची आहे, आणि तिच्यात क्रियापदं आली आहेत. ‘घाटघरला पोचू, अंधार व्हायच्या आत.’ मैत्रिणीने प्रत्येक मुक्कामापुढे संडासाची सोय लिहिली आहे, एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. मुरबाडच्या मुक्कामाची ओळ अजून रिकामी आहे. तिथे आमच्यातल्या एकाची मावशी राहते, तिला पाच माणसं चालतील का, हे विचारायचं आहे.